कोयनेच्या बातमीतले आकडे कोण मोजतं? आपत्ती क्षेत्रातल्या करिअरविषयी एका शिक्षिकेला उत्तर

मॅडम, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही पाटण तालुक्यातल्या शाळेत नववी ते बारावीला भूगोल शिकवता. शाळेत करिअर सप्ताह आहे आणि त्यातला एक दिवस तुम्हाला नैसर्गिक आपत्तींशी संबंधित कामांसाठी ठेवायचाय. बेत असा आहे की एनडीआरएफचं, म्हणजे राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाचं पथक बोलवायचं, दोरीवरून उतरण्याची प्रात्यक्षिकं दाखवायची आणि मग तासभर स्लाइड. मुलं आतापासूनच विचारताहेत, "याची डिग्री कुठं मिळते? पगार किती?" आणि तुम्हाला सरळ उत्तर सापडत नाहीये.

ते सापडणार नाही, कारण मुलांच्या डोळ्यांसमोर एकच चित्र आहे: नारिंगी गणवेश, हेल्मेट, रबरी बोट. तुमची खरी अडचण माहितीच्या टंचाईची नाही, या चित्राची आहे. पुरात, दरडीत, भूकंपात ज्यांच्या कामामुळे माणसं वाचतात त्यांतल्या बहुतेकांच्या पदनामात 'आपत्ती' हा शब्दच नसतो. कुणी शाखा अभियंता असतो, कुणी भूवैज्ञानिक, कुणी तलाठी, कुणी पशुधन पर्यवेक्षक, कुणी वायरमन. त्यामुळे 'आपत्ती व्यवस्थापनातील करिअर' असा फलक लावून सुरुवात केली की मुलांना दिसायला हवं त्याच्या दहावा हिस्साही दिसत नाही.

मी कोण, तेही सांगतो. मी स्थापत्य अभियंता. जलसंपदा खात्यात कृष्णा खोऱ्यात नोकरी झाली आणि त्यातले बरेच पावसाळे पूर नियंत्रण कक्षात गेले. निवृत्तीनंतर गावपातळीवरची प्रशिक्षणं घेतो, शाळांमध्ये जातो. म्हणजे माझी नजर पाण्याची आहे. अग्निशमन दलातला किंवा सरकारी दवाखान्यातला माणूस याच प्रश्नाचं उत्तर वेगळ्या टोकाकडून देईल, आणि तेही बरोबर असेल.

मी शाळेत जाताना स्लाइड नेत नाही. पेपरचं कात्रण नेतो. जुलै-ऑगस्टमध्ये तुमच्याकडच्या पेपरांत रोज येणारी ती चार ओळींची बातमी: कोयनानगर इतके मिलिमीटर, नवजा इतके, महाबळेश्वर इतके, धरणात अमुक टीएमसी (अब्ज घनफूट) साठा, पायथा वीजगृहातून २,१०० क्युसेक (सेकंदाला घनफूट) विसर्ग, दरवाजे अमुक फुटांवर. तुमच्या मुलांनी ही बातमी शेकडो वेळा पाहिलीय, वाचलेली नाही. ती फळ्यावर लिहून काढायची आणि एकच प्रश्न विचारायचा: यातला प्रत्येक आकडा कुणी मोजला, आणि तो मोजल्यावर पुढं कुणाला काय करावं लागलं? एवढ्यावर अर्धा दिवस निघतो.

पहिला आकडा पावसाचा. मुलांना वाटतं तो मोबाइलमधून येतो. त्यांना पर्जन्यमापक करायला लावा. दोन लिटरची कोल्ड्रिंकची बाटली घ्या, वरचा निमुळता भाग कापून उलटा बसवा, तळाचा खड्ड्यांचा भाग खडे आणि पाणी घालून सरळ भिंतीपर्यंत भरून घ्या, तिथं शून्य धरा आणि बाहेरून पट्टी चिकटवा. रोज सकाळी साडेआठला वाचन, कारण हवामान खात्याचा दिवस साडेआठ ते साडेआठ असतो. वाचन वहीत, सहीसकट. रविवारी कोण येणार यावरून भांडण होईल, होऊ द्या. ते भांडण म्हणजेच या कामाची खरी ओळख आहे. आकडा चुकला तरी चालतो, खाडाखोड केलेला आकडा मात्र चालत नाही, हे त्यांना पहिल्या आठवड्यातच कळतं. तुमच्या भागात बाटली एखाद्या रात्रीत भरून वाहीलसुद्धा. मग 'आता किती पडला म्हणायचं?' हा प्रश्न मुलंच विचारतील.

इथं हवामान खात्याचे उंबरठे सांगा. चोवीस तासांत ६४.५ मिमीच्या वर 'जोरदार', ११५.६ पासून 'अति जोरदार', २०४.४ च्या वर 'अत्यंत जोरदार'. जुलै २०२१ मध्ये महाबळेश्वरला एका दिवसात ५९४ मिमीच्या आसपास पाऊस झाला, हे त्यानंतर सांगा. मगच तो आकडा अंगावर येतो.

या पहिल्या आकड्यामागं तीन प्रकारची माणसं आहेत. वाचन घेणारा निरीक्षक. स्वयंचलित केंद्राचा सेन्सर आणि बॅटरी चालू ठेवणारा तंत्रज्ञ, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्स किंवा इन्स्ट्रुमेंटेशनचा डिप्लोमावाला. आणि अंदाज काढणारा हवामानशास्त्रज्ञ, जो बहुतेक वेळा भौतिकशास्त्र किंवा गणितातून आलेला असतो. तुमच्या बारावी सायन्सच्या मुलांना हे कुणी सांगत नाही की हवामानाचं देशातलं मोठं काम पुण्यात चालतं. शिवाजीनगरला हवामान खात्याचं कार्यालय आहे, पाषाणला उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था आणि पुणे विद्यापीठात वातावरण विज्ञानाचा विभाग. बीएस्सीनंतर स्टाफ सिलेक्शन कमिशनमधून वैज्ञानिक सहायक होता येतं. भरती दरवर्षी निघत नाही, हेही सांगून टाका. शास्त्रज्ञ व्हायचं तर एमएस्सी आणि पुढं.

दुसरा आकडा धरणातल्या पाण्याचा, आणि इथं मी मुद्दाम रेंगाळतो. कोयनेचं पाणलोट क्षेत्र सुमारे ८९२ चौरस किलोमीटर. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर म्हणजे एक लिटर, हे बाटलीवरून त्यांना कळलेलं असतं. मग विचारा: सगळ्या पाणलोटावर १०० मिमी पडला आणि सगळा वाहून आला तर धरणात किती येईल? गणित करायला द्या. उत्तर तीन टीएमसीच्या थोडं वर येतं. प्रत्यक्षात काही मुरतं, काही उशिरा येतं, पण जुलैअखेर माती तुडुंब भिजलेली असताना मुरणं फारच कमी. आता दुसरं गणित: पायथा वीजगृहाचे २,१०० क्युसेक दिवसभर सोडले तर किती जातं? ०.१८ टीएमसी. तीन आत, पावशेरही बाहेर नाही. दरवाजे का उघडावे लागतात, हे यानंतर समजावून सांगावं लागत नाही. नववीच्या वर्गातल्या गणितात कच्च्या म्हणवणाऱ्या मुलींनी हे उत्तर काढलेलं मी पाहिलंय, कारण त्यांचं शेत नदीकाठी होतं.

मग खेळ. वर्गाचे चार गट करा आणि वेळ रात्री दोनची द्या. एक गट धरणावरचे अभियंते. एक सांगलीचा नियंत्रण कक्ष, जिथं आयर्विन पुलावर ४० फुटाला इशारा पातळी आणि ४५ फुटाला धोका पातळी आहे आणि पाणी आत्ता ३८ वर आहे. एक गट टेंभू-ताकारी उपसा सिंचन योजनांचे शेतकरी, ज्यांना उन्हाळ्यात हेच पाणी लागणार. एक गट वीजनिर्मितीवाले; कोयना प्रकल्पाची क्षमता १,९६० मेगावॉट आहे, त्यांनाही साठा हवा. धरण ८५ टक्के भरलंय, उद्यासाठी लाल इशारा आहे. आत्ता दरवाजे उघडायचे का? किती? उघडले आणि पाऊस आला नाही तर उन्हाळ्यात शिव्या. नाही उघडले आणि पाऊस आला तर एकदम मोठा विसर्ग आणि खाली वारणा, पंचगंगेचं पाणी आधीच चढलेलं. २०१९ आणि २०२१ च्या पुरांनंतर सांगली-कोल्हापुरात यावर किती वाद झाले, हे घरोघरी माहीत आहे.

खेळात बरोबर उत्तर देऊ नका. खऱ्या कक्षातही ते कुणाकडं नसतं. जलाशय परिचालनाचं वेळापत्रक असतं, कोणत्या तारखेला किती पातळी ठेवायची ते ठरलेलं असतं, पण त्या रात्रीचा निर्णय माणसं घेतात आणि नोंदवहीत लिहितात. हा खेळ खेळलेल्या मुलाला जलविज्ञान म्हणजे काय हे व्याख्येशिवाय कळतं. वाट सांगायची तर: स्थापत्यचा डिप्लोमा किंवा डिग्री, मग कनिष्ठ अभियंत्याची भरती किंवा एमपीएससीची अभियांत्रिकी सेवा. संशोधनाकडं कल असेल तर खडकवासल्याचं केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्र आहे, १९१६ पासूनचं. नाशिकला 'मेरी' ही अभियांत्रिकी संशोधन संस्था आणि धरण सुरक्षिततेची संघटना आहे. केंद्रीय जल आयोगाचं पूर अंदाजाचं काम आहे.

तिसरी गोष्ट बातमीत शेवटच्या ओळीत असते: 'नदीकाठच्या नागरिकांनी सतर्क राहावे.' ही ओळ कुणी लिहिली? याचा विचार करिअर मार्गदर्शनात कुणीच करत नाही, आणि माझ्या मते तुमच्या आर्ट्सच्या मुलांसाठी सगळ्यात महत्त्वाची जागा हीच आहे. 'विसर्ग ५०,००० क्युसेक करण्यात येत आहे' हे वाचून नदीकाठच्या आजीला काय कळणार? पाणी मारुतीच्या पायरीपर्यंत येणार की स्मशानाच्या रस्त्यावर, जनावरं आत्ता सोडायची की सकाळी, हे तिला हवं असतं. मुलांना तीन ओळींचा संदेश लिहायला द्या. अट एकच: त्यात क्युसेक, टीएमसी, सतर्क हे शब्द नकोत, आणि किती वाजता, कुठपर्यंत, काय करायचं हे हवंच. मग तो संदेश घरी नेऊन आजी-आजोबांना वाचून दाखवायचा आणि त्यांनी काय विचारलं ते दुसऱ्या दिवशी सांगायचं. नव्वद टक्के संदेश दुसऱ्यांदा लिहावे लागतात. जिल्ह्याच्या कक्षात, आकाशवाणीत, स्वयंसेवी संस्थांत असं लिहिणारी माणसं कमी आहेत. 'आपत्ती संवाद' म्हणून वेगळं पद शोधू नका. पत्रकारिता, जनसंपर्क, समाजकार्य शिकलेल्या आणि तालुक्याची बोली येणाऱ्या मुलाला ही जागा मिळते.

आता तुमच्या डोंगरांकडं. २०२१ च्या जुलैत दरडी कोसळून तुमच्या तालुक्यातल्या आंबेघर आणि मिरगावला काय झालं हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. त्याच पावसात महाडचं तळिये गेलं. त्याआधी ३० जुलै २०१४ ला माळीण, ज्याची पहिली खबर एसटीच्या गाडीवाल्यामुळं बाहेर आली, कारण गाव जागेवर दिसेना. आणि १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडी, जिथं वर जायला रस्ताच नव्हता, यंत्रं चढेनात, म्हणून जवानांनी फावड्यांनी माती उपसली. इर्शाळवाडीचं नाव दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हतं. यादी करणं हे भूवैज्ञानिकाचं काम आहे, आणि यादी अपुरी पडते तेव्हा अजून भूवैज्ञानिक लागतात. मुलांना हे इतकं सरळ सांगायला हरकत नाही.

भूशास्त्र हा विषय आपल्याकडं मोजक्या कॉलेजांत आहे. पुण्यात फर्ग्युसनला आहे, विद्यापीठात विभाग आहे. एमएस्सीनंतर यूपीएससीची भूवैज्ञानिकांची वेगळी परीक्षा होते, त्यातून भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात जाता येतं. राज्याची भूजल सर्वेक्षण यंत्रणा आहे. घाटरस्ते, बोगदे, रेल्वे यांची खासगी कामं आहेत. सायन्सच्या मुलीला डॉक्टर-इंजिनिअर सोडून तिसरी वाट सांगायची असेल, तर डोंगर चढायची सवय असलेल्या तुमच्या मुलींना ही सांगा. पालक म्हणतील, पोरगी रानावनात कशी फिरणार. तिला उत्तर द्यायला लावा. ती रोज शाळेला किती चालते, ते त्यांना ठाऊक असतं.

भूकंपाच्या बाबतीत तर तुम्ही देशातल्या सगळ्यात चांगल्या जागी शिकवताय, असं म्हटलं तर विचित्र वाटेल, पण खरं आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा कोयनेचा भूकंप, तीव्रता सुमारे ६.३, दीडशेहून अधिक मृत्यू. धरणाच्या जलाशयाशी जोडला गेलेला जगातला सर्वाधिक अभ्यासलेला भूकंप तो. त्याच्या अभ्यासासाठी कराडजवळ हजारमाचीला केंद्र सरकारची प्रयोगशाळा आहे आणि तुमच्याच तालुक्यात सुमारे तीन किलोमीटर खोल विवर खोदलंय. तिथं भूभौतिकीवाले आहेत, खोदकामाचे तंत्रज्ञ आहेत, खडकाचे नमुने जपणारे आहेत. पत्र पाठवून विचारा. सहल नाही जमली तर एखादा शास्त्रज्ञ शाळेत येऊन जाईल. धरणाच्या भिंतीवर मुलांना नेण्याचा हट्ट मात्र धरू नका, सुरक्षेच्या कारणानं परवानगी अवघड असते आणि त्यात तुमचा महिना जातो.

प्रकल्प म्हणून १९६७ आठवणाऱ्या आजी-आजोबांच्या मुलाखती ठेवा. प्रश्न 'तुम्हाला कसं वाटलं' असा नको. घराची कुठली भिंत आधी पडली? भिंत कशाची होती, दगड-मातीची की विटांची? वर काय होतं, कौलं की माळवद? दार कुठल्या बाजूला होतं? वीस घरांचं उत्तर एका तक्त्यात मांडलं की मुलांसमोर बांधकामाचा धडा उभा राहतो. किल्लारीला ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे तेच झालं. मातीत बसवलेल्या जाड दगडी भिंती आणि वर मातीचं जड छत. दहा हजारांच्या जवळपास माणसं गेली, आणि तो भाग तेव्हाच्या भूकंप नकाशावर सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. संरचना अभियंता, नकाशा तयार करणारा भूकंपतज्ज्ञ आणि भिंतींना कोपऱ्यात एकत्र धरणारी पट्टी कशी बांधायची हे जाणणारा गवंडी, तिघंही जीव वाचवणारे. गवंड्याचं नाव मी मुद्दाम घेतो. तुमच्या वर्गात आयटीआयला जाणारी मुलं असतील आणि करिअर सप्ताहात त्यांच्यासाठी कुणी काही ठेवत नाही.

आता बचावाकडं येऊ, कारण मुलांना शेवटी तेच हवं असतं आणि त्यात गैर काही नाही. पण एक गोष्ट त्यांना पहिल्याच मिनिटात सांगा: एनडीआरएफमध्ये थेट भरती नसते. सीमा सुरक्षा दल, सीआरपीएफ, आयटीबीपी यांसारख्या केंद्रीय दलांतले जवान तिथं प्रतिनियुक्तीवर येतात. आपल्याला जवळची पाचवी बटालियन तळेगावजवळ सुदुंबऱ्याला आहे. म्हणजे वाट अशी: दहावी, स्टाफ सिलेक्शनची जीडी (जनरल ड्युटी) कॉन्स्टेबल परीक्षा, मैदानी, वैद्यकीय, दलात काही वर्षं, मग निवड. राज्याचं दल धुळ्याला आणि नागपूरला आहे, तिथं राज्य राखीव पोलिस दलातून जातात. 'एनडीआरएफ भरती, मर्यादित जागा' अशी जाहिरात करून पैसे घेणारी मंडळी तालुक्याच्या ठिकाणी फिरतात. मुलांना ही एक माहिती दिलीत तरी त्या दिवसाचा खर्च वसूल झाला.

थेट वाट हवी असेल तर अग्निशमन. मुंबईत कालिन्याला राज्याचं अग्निशमन प्रशिक्षण केंद्र आहे, दहावीनंतर सहा महिन्यांचा अग्निशामकाचा अभ्यासक्रम. उंची, छाती, धावणं यांच्या अटी असतात. नागपूरला राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय आहे, तिथं उपअधिकाऱ्याचा अभ्यासक्रम आणि अभियांत्रिकीची पदवीही. नगरपालिका, विमानतळ, रिफायनऱ्या, मोठे कारखाने, सगळ्यांना ही माणसं लागतात. त्याशिवाय १०८ च्या रुग्णवाहिकांचे डॉक्टर आणि चालक आहेत, परिचारिका आहेत. आणि नोकरी नसलेलं एक मोठं काम आहे, गिर्यारोहकांचं. लोणावळ्याची शिवदुर्ग, महाबळेश्वरचे ट्रेकर्स, खोपोलीचे हायकर्स. २०१८ ला आंबेनळी घाटात बस कोसळली तेव्हा दरीत आधी उतरली ती अशी स्थानिक मुलंच. हे करून पोट भरत नाही; पण ज्यानं हे केलंय त्याला दलात, अग्निशमनात, वैद्यकीय मदतीच्या कामात वेगळीच किंमत असते. अठरा पूर्ण झाल्यावर 'आपदा मित्र'चं प्रशिक्षणही घेता येतं. तुमच्या तालुक्यात कधी आहे ते जिल्हा कक्षात विचारा.

प्रात्यक्षिकांबद्दल एक कडक सूचना. मुलांना गच्चीवरून उतरवू नका, उडी मारायला लावू नका, कुणी कितीही प्रमाणपत्रं दाखवली तरी. २०१८ मध्ये कोइमतूरजवळच्या एका कॉलेजात अशा सरावात एका विद्यार्थिनीचा जीव गेला, आणि प्रशिक्षक अधिकृत नव्हता. पथकानं दाखवावं, मुलांनी पाहावं. मुलांच्या हाती द्यायचं तर गाठी द्या, प्रथमोपचार द्या, प्लॅस्टिकच्या बंद डब्यांचा तराफा बांधायला द्या, तोही जमिनीवर.

आपत्ती उलटून गेल्यानंतरची कामं मी शाळेत पटापट सांगतो, पण यादी ऐकून मुलं चकित होतात. तलाठी, म्हणजे आता कागदोपत्री ग्राम महसूल अधिकारी, पंचनामा करतो आणि त्याच्या एका रकान्यावर घराची भरपाई ठरते. पशुधन पर्यवेक्षक मेलेल्या जनावरांची विल्हेवाट लावतो, उरलेल्यांना लसी टोचतो; पुरानंतर गावात रोगराई पसरत नाही त्याचं निम्मं श्रेय त्याला. वायरमन खांब उभे करतो. उपग्रहाच्या चित्रांवरून बुडालेलं क्षेत्र काढणारे नागपूरच्या राज्य सुदूर संवेदन केंद्रात बसतात, आणि त्यांच्यात भूगोलाची पदवी घेऊन जीआयएस, म्हणजे संगणकावर नकाशे करणं, शिकलेली मुलं असतात. हे तुमच्या विषयाचं थेट करिअर, याला एक पूर्ण तास द्या. पुनर्वसनात समाजकार्यवाले आणि समुपदेशक वर्षानुवर्षं राहतात. किल्लारीत हे काम बातम्या थांबल्यावरही किती काळ चाललं, ते लातूरची माणसं सांगतील.

मग मूळ प्रश्न, डिग्री कुठं मिळते. मी मुलांना असं सांगतो: आधी एक पक्कं कौशल्य घ्या, आपत्ती त्यावर नंतर चढवा. आधी सिव्हिल, भूशास्त्र, भौतिकशास्त्र, भूगोल, नर्सिंग, समाजकार्य, आयटीआय, काहीही. त्यानंतर आपत्ती व्यवस्थापनाची पदव्युत्तर पदवी करायची असेल तर टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत त्याचं वेगळं स्कूल आहे, भूकंप अभियांत्रिकीसाठी रुरकीच्या आयआयटीत वेगळा विभाग आहे. बारावीनंतर थेट 'डिप्लोमा इन डिझास्टर मॅनेजमेंट, शंभर टक्के प्लेसमेंट' म्हणणाऱ्या संस्थेची फी भरण्याआधी पालकांना एकच प्रश्न विचारायला सांगा: मागच्या वर्षीच्या तीन मुलांची नावं आणि ती आज कुठं कामाला आहेत ते दाखवा. उत्तरात ब्रोशर आलं की परत या.

पगाराचं सरळ सांगा. सरकारी अभियंता, वैज्ञानिक, महसूल, पोलिस यांची वेतनश्रेणी ठरलेली असते, जाहिरातीत छापलेली असते. जिल्हा आपत्ती व्यवस्थापन अधिकाऱ्याची जागा मात्र बऱ्याच ठिकाणी कंत्राटी मानधनावर असते. काम मोठं, खुर्ची कच्ची. स्वयंसेवी संस्थांत प्रकल्प संपला की नोकरी संपते. खासगीत कारखान्यांचे सुरक्षा विभाग, विमा कंपन्यांचे सर्वेक्षक, बांधकाम सल्लागार बऱ्यापैकी देतात.

कुठल्या मुलाला कुठली वाट, हे घरावर अवलंबून आहे, आणि तिथं मी बाहेरून बोलू शकत नाही. बारावीनंतर पाच-सहा वर्षं शिकवायची ऐपत आहे का? मुलगी पुण्याला राहू शकते का? दोन वर्षांत कमावणं भाग आहे का? ज्याला लगेच कमवायचंय त्याला भूवैज्ञानिकाची स्वप्नं दाखवून उपयोग नाही. त्याला अग्निशमन, जीडी, आयटीआय, पशुधनाचा डिप्लोमा. वयाच्या अटी दरवेळी जाहिरातीतून बघा, माझ्यावर किंवा कुणाच्या व्हॉट्सॲपवर विसंबू नका.

इथवरचं एका दमात: कात्रणानं सुरुवात, प्रत्येक आकड्यामागचा माणूस, बाटली आणि रात्री दोनचा खेळ, मग बचाव पथक, आणि शेवटी डिग्री-पगार. पथक सुरुवातीलाच आणलंत तर नंतर बाकी कुणाकडं मुलं बघणार नाहीत, म्हणून ते उशिरा.

एक नाजूक गोष्ट तुमच्या वर्गापुरती. २०२१ मध्ये ज्यांच्या घरचं माणूस किंवा घर गेलं अशी मुलं तुमच्यासमोर बसलेली असतील. आंबेघर-मिरगावचे फोटो लावू नका. दरडीचे फोटो हवेच असतील तर दूरच्या जिल्ह्यातले घ्या, माणसं नसलेले. 'कुणी अनुभव सांगणार का?' असं सगळ्यांसमोर विचारू नका. ज्याला बोलायचंय तो तास संपल्यावर तुमच्या टेबलापाशी येतो. आदल्या दिवशी त्या मुलांना वेगळं बोलवून उद्या काय होणार ते सांगा आणि नको असेल तर ग्रंथालयात बसायची मोकळीक द्या. माझ्या अनुभवात बहुतेक थांबतात, आणि पंचनाम्याच्या भागात सगळ्यात नेमके प्रश्न तीच विचारतात. त्यांनी तो रकाना भरताना पाहिलेला असतो.

पाहुण्यांना बोलवताना पदनाम बघून बोलवा, पद जेवढं मोठं तेवढं भाषण लांब. उपजिल्हाधिकाऱ्यांपेक्षा नदीवरचं गेज (पाणीपातळीची पट्टी) वाचणारा कर्मचारी, धरणावरचा शाखा अभियंता, तुमच्याच शाळेतून शिकून अग्निशमनात गेलेला मुलगा, सर्कलचा पशुधन पर्यवेक्षक यांना बोलवा आणि प्रत्येकाला एकच विषय द्या: 'पुराच्या रात्री मी काय करतो.' पंधरा मिनिटं, बाकी प्रश्न. आणि पत्रं एप्रिलमध्येच टाका. १ जूननंतर यातला एकही माणूस तुमच्या हाती लागणार नाही, आणि ऑक्टोबरला दिलेली तारीख परतीच्या पावसानं दोनदा पुढं ढकलली जाते, हेही गृहीत धरा. ११ डिसेंबरचा आठवडा मिळाला तर सगळ्यात उत्तम. पाऊस थांबलेला, धरण भरलेलं, आणि मुलांच्या मुलाखतींना तारीखही आयती.